पैठणी नेसवलेला इतिहास

दिवाळी अंक चाळताना आता एक कथा हमखास भेटते. काळ उत्तर पेशवाईचा, जागा पुणे-नाशिककडचा चौसोपी वाडा, दिवस सणाचे आणि विषय प्रेमाचा. नायिका अठरा वर्षांची, अजून लग्न न झालेली, पोथ्या वाचणारी, तोंडाने फटकळ. नायक मोहिमेवरून जखमी होऊन आलेला शिलेदार. तिच्या अंगावर पैठणी, नाकात नथ, हातात निरांजनाचं तबक. पाडव्याच्या संध्याकाळी ती त्याला ओवाळते, नजरानजर होते आणि तुळशीचं लग्न उरकेपर्यंत यांचंही ठरतं. गोष्टी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर आणि मोबाइलवर भागाभागाने वाचायच्या मालिकांमध्ये तर या कथेची रेलचेल आहे. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, मुलगी बापाला. परक्या शिलेदाराला ओवाळायला वाड्यातल्या उपवर पोरीला कुणी पाठवलं, असं ना संपादक विचारत, ना वाचक.

सणाच्या दिवसांतली ऐतिहासिक प्रेमकथा हा प्रकार मला मनापासून आवडतो, हे आधी सांगून टाकते. त्याला हलकाफुलका म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. लढाईवरची कादंबरी तेवढी भारदस्त आणि ओसरीवरच्या प्रेमाची गोष्ट म्हणजे बायकांचं दुपारचं वाचन, ही वर्गवारी कधीच मोडीत निघायला हवी होती. माझी तक्रार उलट बाजूची आहे. हे लेखक आपल्या कथाप्रकारावर पुरेसा विश्वासच टाकत नाहीत. त्या काळात सण हा तरुण बाईला आणि पुरुषाला एकमेकांसमोर येण्याचा जवळजवळ एकमेव परवाना होता, आणि त्या परवान्यावर वयाच्या, जातीच्या, वैधव्याच्या अटी होत्या. अटी खोडून सण लिहिला की हातात फक्त पणत्या उरतात. इतिहास तर जातोच, प्रेमकथाही पचपचीत होते.

इंग्रजीत हा प्रकार चांगला रुळलेला आहे. नाताळ जवळ आला की रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांतल्या, प्रेमकथांचे संग्रह तिकडे निघतात. बड्या जमीनदाराच्या घरी पाहुणे जमलेले, बर्फाने रस्ते बंद, ६ जानेवारीपर्यंत लांबणारा सण आणि छताला टांगलेली मिसलटोची डहाळी, जिच्याखाली घेतलेल्या चुंबनाला कुणी हरकत घेत नाही. सण तिथे दोन कामं करतो. माणसांना एका छपराखाली कोंडतो आणि एरवी न खपणारी एक गोष्ट घटकाभर खपवून घेतो. चुका तिथेही होतात. सजवलेलं नाताळचं झाड ब्रिटनमध्ये मध्यमवर्गाच्या घरांत पोचलं ते १८४० च्या दशकात, नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र निघालं १८४३ साली, पण कथेत मात्र १८१५ च्या दिवाणखान्यात झाड उभं असतं. तिकडचे चोखंदळ वाचक या चुका पकडतात, आणि चांगल्या लेखिका शेवटी टिपण जोडून कोणती चाल कधीची ते सांगून टाकतात. योगायोग असा की हेच दशक आपल्याकडे पेशवाईच्या अखेरीचं. तिकडच्या कथेतले ड्यूक नाचत असतात त्याच वर्षांत इकडे दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडतं आणि १८१८ साली त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती जातो. आपल्या लेखकांनी तिकडचा साचा उचलला. तो साचा कुठल्या अडचणीवर चालतो, इकडे लक्ष दिलं नाही.

आपल्या सणांची अडचण वेगळी आणि, खरं सांगायचं तर, जास्त रसाळ आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकापर्यंत लग्न नाही. मंगळागौर, गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळे मोठे सण लग्नाच्या मुहूर्तांबाहेरचे. तेव्हा दिवाळीतली प्रेमकथा लग्नात संपवण्यासाठी लेखकाला ओढाताण करावी लागते. पण ती लग्नाने सुरू मात्र सहज होऊ शकते. ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा घरांत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी व्हायचं. वयात येईपर्यंत ती बराच काळ माहेरी असायची. सासर-माहेरची ये-जा सणांच्या निमित्ताने चालायची, कुणीतरी मुऱ्हाळी होऊन न्यायला यायचं. दिवाळसणाला जावई यायचा. पहिल्या संक्रांतीला सुनेसाठी काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने व्हायचे. अधिक महिना आला की जावयाला अनारशांचं वाण. ज्याच्याशी जन्माची गाठ पडलेली आहे तो माणूस त्या मुलीला दिसायचा तो असा, पंगतीच्या पलीकडे, मेहुण्यांच्या गराड्यात, मान वर करून बघायची सोय नसताना. आधी लग्न, मग सणासणाला थोडी थोडी ओळख, आणि मग कदाचित प्रेम. कदाचित ते कधीच नाही. एवढं ताणलेलं कथानक आयतं पडलेलं असताना जखमी शिलेदार कशाला हवा?

पण ही कथा लिहायची तर मुलीचं वय लिहावं लागतं, आणि लेखकाचा हात तिथे थबकतो. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यासाठी १८९१ साली कायदा झाला तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला होता, हे शाळेत शिकलेलं असतं. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, त्याचा अंमल १ एप्रिल १९३० पासूनचा. त्याच्या शंभर वर्षं आधी वाड्यात अठरा वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी असणं ही घराला वाळीत टाकायला पुरेशी गोष्ट होती. ती असेल तर कथा तिच्यावरच हवी, ती का राहिली, घरच्यांनी काय सोसलं यावर. बारा वर्षांच्या पोरीचा शृंगार लिहा असं मी अर्थातच म्हणत नाही, तो कुणीच लिहू नये. पण दहाव्या वर्षी लग्न झालेली, आता पंचविशीत आलेली, आणि ज्याच्याशी धड बोलायलाही कित्येक दिवाळ्या गेल्या त्या नवऱ्याकडे आज पहिल्यांदा नीट बघणारी बाई लिहिता येते की. तिच्या त्या बघण्यात प्रेमाइतकाच हिशेबही असेल.

जुन्या वाचक-प्रेक्षकांना हे कळत होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीचं नाटक होतं देवलांचं ‘शारदा’. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधायचा व्यवहार त्या प्रेक्षकांना रंगभूमीवर बघवत होता, तो बघायला ते तिकीट काढून येत होते. शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या दिवाळी अंकात मात्र तो विषय निघाला की संपादक म्हणतात, सणाचा अंक आहे, जरा प्रसन्न काहीतरी द्या.

प्रसन्नतेचा आणखी एक बळी म्हणजे भाऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यांतला थोडासा जरी वाचला तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. दिवाळी आली की बाई वाट बघते भावाची. नवऱ्याचं नाव आडूनआडून, भावाचं मात्र तोंडभरून. माहेरची वाट, भावाचा बैल, भावजयीचं तुसडं वागणं, सगळं तिथे आहे. सणाच्या प्रेमकथेत नवऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी हा भाऊ आहे, खलनायक सावकार नव्हे. न्यायला भाऊ आलेला असताना बाईला पहिल्यांदाच माहेरी जावंसं वाटत नाही, एवढ्याशा प्रसंगावर एक अख्खी कथा उभी राहील. मी तरी अशी अजून वाचलेली नाही.

तिथी-तारखांचं मी फार मनावर घेत नाही, तरी एक गंमत सांगते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून कितीतरी कथांत ती संक्रांतीच्या दिवशी घडते, तिकडे रणात तो आणि इकडे ही तिळगूळ घेऊन दारात. संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं तर १७६१ ची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली निघते. म्हणजे तिळगूळ वाटून झाला होता, करीचा दिवस झाला होता, आणि घरोघर सगळं नेहमीसारखं सुरू असताना तिकडे ते घडलं. मला तर हे जास्त भयंकर वाटतं. खरी तारीख लेखकाच्या आड येत नाही, उलट त्याला चांगली कथा देते.

आता नाशिक. या शहराच्या नशिबी या कथांमध्ये घाटावरची संध्याकाळ आणि काळारामाची नौबत एवढंच येतं, आणि इथे राहणाऱ्या माणसाला त्याचा राग आल्याशिवाय राहत नाही. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरून घेतली आहे. तो उत्सव आणि समाज भरवणारा होता, असं ती सांगते. त्याच प्रशस्तीत, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, हेही तितक्याच अभिमानाने सांगते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा दगड आहे. लोकांना सणासाठी एकत्र आणायचं आणि एकत्र आलेल्यांनी मिसळायचं नाही हेही बघायचं, राजाची ही दोन्ही कामं एकाच लेखात आहेत. सणाच्या प्रेमकथेला लागणारा सगळा ताण एवढ्यात आला.

आणि त्याच सातवाहनांच्या घराण्यातल्या हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती उघडली तर दुसरी बाजू दिसते. माहाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गाथांत गोदेचा काठ पुन्हा पुन्हा येतो, चोरून भेटणारी माणसं येतात, आणि फाल्गुनाचा उत्सवही येतो. एका गाथेचा भाव असा: फाल्गुनाच्या सणात कुणीतरी तुला चिखलाने माखलं, त्यात दोष कसला, मग धुऊन कशाला टाकतेस? कोण तो ‘कुणीतरी’, हे सांगितलेलं नाही. दोन ओळींत सण आहे, सणाने दिलेली मुभा आहे, आणि ती मुभा उद्या सकाळी संपणार हेही आहे. सणाची प्रेमकथा आपण इंग्रजीवरून उचलली असं वाटत असेल तर हे वाचावं.

त्या चिखलाचा लांबचा नातलग आजही जुन्या नाशकात जिवंत आहे. पेशवेकाळापासूनच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रहाडी, म्हणजे रस्त्याखाली बांधून काढलेले दगडी हौद, रंगपंचमीच्या आधी उकरून उघडतात. पूजा होते, रंगाचं पाणी उकळून ओततात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग दिवसभर लोक धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात, आणि सण झाला की लाकडं आणि माती टाकून रहाड पुन्हा बुजवतात. वर्षभर त्यावरून रिक्षा जातात. शनी चौकात नाहीतर तिवंध्यात उभं राहून कुणी कथाकाराने एकदा तरी विचार करावा: रहाडीभोवती कुठल्या घरचे लोक असत, कुणाला पाण्यात उतरायची मुभा होती, बायका कुठल्या माडीवरून बघत होत्या, आणि केस कापलेली, लाल आलवणातली बाई त्या माडीवर येऊ शकत होती का? विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा आहे. म्हणजे १८६० च्या एखाद्या रंगपंचमीला कायदा तिच्या बाजूने होता आणि गल्ली नव्हती. रंग अंगावर उडाला तर तो धुवायचा कुठे, एवढ्या प्रश्नावर ती कथा तोलून धरता येईल.

नाशकात धुळवडीला मिरवणुकीने निघणारा दाजीबा वीर तर आख्खी प्रेमकथाच डोक्यावर घेऊन फिरतो. हळद लागलेला नवरदेव लग्नाआधी मारला गेला, असं सांगतात. म्हणून हा वीर बाशिंग बांधून मिरवतो आणि लग्न न जमणारे त्याच्यापाशी नवस बोलतात. कहाणीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. मला त्यात टोचतं ते हे, की मिरवणूक नवऱ्या मुलाची आहे. हळद लागून घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय झालं, याच्याही कहाण्या आहेत, पण रस्त्यावरून वाजतगाजत जातो तो एकटा तोच.

मला सगळ्यात जास्त हवी आहे ती १९३० च्या रामनवमीची कथा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या दारांशी जी पहिली तुकडी बसली तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ बायका. दारं बंद करून घेतली गेली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी लढा चालवत राहिले, महिना उलटला, चैत्र आला. ९ एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता आणि तो स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून ओढायचा अशी तडजोड झाली होती. ती मोडली, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. आता कथाकार इथे आला की काय करील ते मला माहीत आहे. तो पंचवटीतल्या वाड्यातली एक सुंदर मुलगी घेईल, दारापलीकडचा एक तरुण घेईल आणि रथाच्या गर्दीत त्यांची नजर भिडवील. नको. त्या पहिल्या तुकडीतल्या दीडशे माणसांमधलीच दोन घ्या. कुठल्याशा खेड्यातून भाकरी बांधून आलेली एक बाई आणि एक पुरुष, बंद दारासमोर दिवसच्या दिवस बसलेले. आतून सणाच्या तयारीचे आवाज येतायत. इंग्रजी कथेत बर्फ जे काम करतो ते इथे बंद दार करतं, आणि बर्फाला कुणी जबाबदार नसतं. त्या दोघांमध्ये काय उमलेल ते लिहायला वाड्यातल्या मुलीची साक्ष लागत नाही.

याच जिल्ह्यात येवलं आहे. पैठणीचं येवलं, संक्रांतीला तीन दिवस पतंगांच्या आसाऱ्या घेऊन गच्चीवर चढणारं येवलं. नायिकेच्या अंगावरची पैठणी इथे विणली जाते, पण ती विणणारा कुणी कथेत येत नाही. सणासुदीच्या मागणीपायी त्याच्या घरची दिवाळी कशी जात असेल, ते लांबच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. त्या वर्षी पहिल्या दिवाळसणाला सासरी निघालेला एखादा जावई त्या सभेतून परतलेला असेल. सासऱ्याने ऐपत नसताना उसनवारी करून सणाचं केलेलं असेल. पाटावर बसायचं की नाही, बायकोने ओवाळायला घेतलेलं ताट नाकारायचं का, आणि तिला काय वाटतं हे कधी, कुठे विचारायचं? एका रात्रीत घडणारी, दोन माणसांची, सोपी गोष्ट आहे. तिच्यात प्रेम नाही असं कोण म्हणेल?

यावर नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका गोड वाचायचं असतं, त्याच्या डोक्यावर जातीचा आणि वयाचा धोंडा कशाला? मुद्दा खोटा नाही. मीही थकून आल्यावर गोडच वाचते. पण प्रेमकथेला गोडी येते ती अडथळ्यामुळे, आणि खरा अडथळा काढून टाकल्यावर लेखकाला खोटा घालावा लागतो. मग गैरसमजाची चिठ्ठी येते, कारस्थानी मामी येते, शिलेदाराची जखम पुन्हा चिघळते. दुसरं म्हणजे ही गोडी वाचून झाल्यावर विरून जात नाही. एखाद्या राजाविषयी कादंबरीत एक वाक्य इकडचं तिकडे झालं तर आपल्याकडे मोर्चे निघतात. माजघराविषयी मात्र वाटेल ते लिहावं, कुणी हूं की चूं करत नाही. आणि पुढे लग्नाच्या गोष्टी निघाल्या की घरातली वडीलधारी माणसं ‘आपल्याकडे पूर्वी कसं छान होतं’ म्हणून जे चित्र पुढे करतात ते याच कथांमधून आणि मालिकांमधून आलेलं असतं. त्या चित्रात सगळे एका जातीचे, सगळ्या बायका सवाष्ण, सगळ्या मुली आपखुशीने लाजणाऱ्या. त्या चित्राशी ताडून आजच्या पोरापोरींना बेशिस्त ठरवलं जातं.

खरं लिहिलं तर प्रेम उरत नाही, हेही पटण्यासारखं नाही. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांचं लग्न झालं. नवरा तऱ्हेवाईक, सारखा घर सोडून जाणारा. १८९५ साली नारायणराव ख्रिस्ती झाले आणि संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडे गेल्या, पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याचा छळ आहे, भूक आहे, भांडणं आहेत, आणि तरीही त्या नवऱ्यावर या बाईचा जीव किती आणि कसा, हे पानोपानी हसत हसत कळत जातं. धर्म बदललेल्या नवऱ्याशिवाय आलेला प्रत्येक सण त्या घराने कसा काढला असेल, याचा अंदाज ते पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही करता येईल. आत्मचरित्रातल्या बाईला जे पेललं ते कल्पित नायिकेला का पेलू नये?

साधनं मिळत नाहीत ही सबब नाशकात तरी चालू नये. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. ओव्यांचे संग्रह आहेत, बायकांची आत्मचरित्रं आहेत, सत्याग्रहाच्या बातम्या आणि पत्रव्यवहार छापलेले आहेत, आणि जुन्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं ‘तुमच्या वेळी रंगपंचमीला काय असायचं’ एवढं विचारलं तरी तासभर बोलतात.

म्हणून माझं मागणं लेखकांपेक्षा संपादकांकडे आहे. उन्हाळा सरला की दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांची निवेदनं येऊ लागतात. शब्दमर्यादा, कागदाच्या एकाच बाजूस, युनिकोडमध्ये, वगैरे. त्यात एक कलम वाढवा. कथा ऐतिहासिक असेल तर ती कोणत्या साली आणि कोणत्या सणाला घडते, त्या दिवशी नायिकेचं वय काय, आणि त्या सणाला त्या घरात कुणाला येऊ दिलं नव्हतं, हे चार ओळींत सोबत लिहून द्या. त्या चार ओळी कथेबरोबर छापूही नका हवं तर. अर्धी बाडं यायचीच बंद होतील आणि परीक्षकांचं काम हलकं होईल. उरलेल्यांसाठी अंकाची किंमत थोडी वाढवली तरी आम्ही ती मोजू.